खळ

सिलिकॉन लिथियम पितं, तिप्पट फुगतं,
रिकामं होताना तडकतं
कडक भाकरीसारखं.
केगावच्या लॅबमध्ये चाळिसाव्या फेरीला
माझा आलेख पुन्हा बसला.

मग तारा वाढवल्या,
केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या,
मधे जागा सोडून, फुगायला.
धरून ठेवायला पांढरी पूड, पाण्यात कालवून.

डबा द्यायला आलेल्या नायनांनी
त्यात बोट बुडवलं.
"ही तर आमची खळ गं.
ताण्याला लावायचो."
गड्डमशेठच्या मागावर बत्तीस वर्षं गेली त्यांची.
मी रासायनिक नाव सांगितलं, त्यांनी ऐकलंच नाही.
"एवढी पातळ? सुतं तुटतील."

दाट केली.

आज दोनशे बारावी फेरी.
बाहेर चव्वेचाळीस अंश, आलेख जवळजवळ आडवा.
फोनवर नायना:
"धुऊन पाहिलंस का?"