जागल

रात्री साडेदहाला मी येऊन बसतो
रेबर्न इमारतीच्या दाराबाहेर.
घडीची खुर्ची, थर्मास, लष्करी ब्लँकेट.
माझ्या पुढे बर्निस, मागे ट्रेमेन,
त्याच्यामागे एक नवा पोरगा,
कापडी बूट घालून आलेला. फेब्रुवारीत.

आम्ही जागा धरतो.
तासाला वीस डॉलर, रीतसर पावती.
सकाळी पावणेदहाला उबदार गाडीतून
हॅल्व्हर्सनसाहेब उतरतात,
माझ्या जागेवर उभे राहतात
जणू रात्रभर तिथे त्यांचेच पाय गोठले.
मला लव्हेल म्हणतात, उच्चार बरोबर करतात.
हे सांगायला हवं. माणूस वाईट नाही.
नाताळात हातमोजे दिले होते, आतून लोकरीचे.

लोकांना वाटतं, इथे टेबलाखालून काही जातं.
छे हो.
या इमारतीत कोणाचे हात ओले होत नाहीत.
सगळं टेबलावर, पांढऱ्याशुभ्र कापडावर,
खेकड्याच्या वड्यांशेजारी.
एका ताटाचे एवढे, फोटोचे तेवढे,
आणि कोणी किती दिले ते
सरकारच्याच वहीत, नावानिशी.
बर्निस वाचते. रांगेत दुसरं करायचं काय?
फोनच्या उजेडात बोट फिरवत म्हणते,
"हा बघ, याला तीनदा जेवू घातलंय आपल्या साहेबांनी."
आणि ब्लँकेट ओढून घेते.

आज समितीत नळांचं बिल.
जमिनीतले शिशाचे जुने नळ
कंपन्यांनी दहा वर्षांत बदलायचे की कसं.
आमच्या घराखाली तसलाच आहे, नदीपलीकडे,
माझ्या जन्माआधीचा.
नातीच्या रक्तातला आकडा डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिला,
खाली दोन रेघा ओढल्या,
बोलल्या फारसं नाहीत.
तेव्हापासून ओट्यावर बाटल्या.
भाताला बाटली, दात घासायला बाटली.
पाणी कुठे मुरतंय, विचारतात लोक.
मी बोट ठेवून दाखवीन.

साहेबांना हे सांगणार होतो एकदा.
आजच. पण ते फोनवर होते,
जागा बदलण्याआधीची ती दोन मिनिटं,
आणि हळू आवाजात, पाठ असल्यासारखं म्हणत होते:
"'बदलील' नको. 'बदलू शकेल' घ्या.
बाकी मसुदा उत्तम."

मी खुर्ची मिटली.
घरी गेलो नाही. खाली कँटीनमध्ये
भिंतीवर टीव्ही असतो, आवाज बारीक.
मक्याच्या कुठल्याशा राज्याचे एक सदस्य
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"'बदलील'ऐवजी 'बदलू शकेल'.
माझी एक लहानशी सूचना."

माझी.

हरकत कोणीच घेतली नाही. हातोडा वाजला,
बशीत चमचा पडावा इतकाच.

खाल्ल्या मिठाला जागतात ते.
दोष कोणत्या तोंडानं देऊ?
मीही जागलोच की रात्रभर,
त्याच मिठाला,
अकरा तासांचे दोनशे वीस.

नवा पोरगा शेजारी येऊन बसला.
म्हणाला, तुमच्या प्रतिनिधीला पत्र लिहा ना.
बर्निस इतकी हसली की कॉफी सांडली.
पोरा, आमच्या शहराचा आहे ना एक आत.
खुर्ची आहे, माईक आहे.
सभागृहात शेवटची मोजणी होते तेव्हा मत नाही.
तोही जागा धरून बसलाय बिचारा,
कोणासाठी, ते विचारू नको.
मग तिनं टेबल पुसलं, दोनदा,
पुसून झाल्यावरसुद्धा.

संध्याकाळी बसस्टॉपवर तिचा मेसेज:
उद्या सेनेटकडे. विषय औषधं. येतोस?
एक हातमोजा दातांनी काढला.
लिहिलं, येईन.
खोडलं.
लिहिलं, येऊ शकेन.

लगेच उत्तर:
आपल्यात तसलं चालत नाही, लव्हेल.
हो की नाही?