नकाशातला निळा

उत्तरेला एकही खिडकी नको, म्हणाल्या लव्हडे पॅस्को.
तिकडे डेन्झिलचं स्वयंपाकघर, हाताच्या अंतरावर;
त्याची किटली वाजली की मलाच चहाची तल्लफ येते,
आणि त्याला ते कळतं.

मी भिंत उभी केली, काँक्रीटची, खारं वारं सोसणारी.
उजेड घेतला वरून, छपराला चीर देऊन.
दक्षिणेला लाकडी पट्ट्या, तिरप्या:
आतून आभाळ, बाहेरून काही नाही.
कॉर्नवॉलच्या त्या खाडीत खेटून बसलेल्या घरांत
हे एकच, पाठ फिरवून बसलेलं.

न्हाणीघर मात्र सगळं समुद्राकडे,
जमिनीपासून छतापर्यंत काच.
तिकडे काय, पाणीच पाणी.

मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं.
पहिल्याच सकाळी, अंगावर साबणाचा फेस,
आणि समोर डेन्झिल, होडीत उभा,
खेकड्यांचे पिंजरे वर ओढत.
त्यानं टोपी काढली.
मग मान वळवली, सावकाश;
घाईनं वळवली असती तर जास्त लाज वाटली असती.

तक्रार नाही, त्यांनी लिहिलं होतं,
फक्त नकाशात समुद्र तुम्ही नुसता निळा रंगवला होता.

खाली, वेगळ्या शाईत:
पडदा नको. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणलंय.