सरळ रेषेत

नातवानं नकाशावर दोरा ताणला
कोल्हापूरच्या टिंबापासून नागपूरच्या टिंबापर्यंत,
मग तोच दोरा पट्टीवर धरून म्हणाला,
आबा, सरळ रेषेत सातशे किलोमीटर.

सरळ रेषा आमच्या खात्यात नव्हती.
चौतीस वर्षं बसलो स्टँडवर, कंट्रोलरच्या खिडकीत.
नागपूर म्हणजे सांगली, सोलापूर, तुळजापूर,
लातूरला चहा, नांदेडला ड्रायव्हर बदली,
यवतमाळला उजाडलं तर नशीब.
सहा किलोमीटरचा एक टप्पा,
आणि मधल्या प्रत्येक गावानं आपला टप्पा वसूल केल्याबिगर
कोण कुणापर्यंत पोचत नव्हतं.

आता तिकिटावर छापलंय:
एक तास पन्नास मिनिटं.

उजळाईवाडीला पिशवी एक्स-रेमधून गेली.
वर्दीतल्या पोरीनं विचारलं, काका, यात काय?
म्हटलं, आजऱ्याचा घनसाळ. अडीच किलो. बहिणीसाठी.
अकरा वर्षांनी हा शब्द तोंडातून बाहेर पडला
तो असा, मशीनच्या पट्ट्यापाशी.

विमान वळलं, दम खाल्ला, पळायला लागलं.
कुठनं पळतंय ते मला ठाऊक होतं.
धावपट्टी वाढली तेव्हा आमचं सव्वा एकर तिच्याखाली गेलं,
विहिरीपासून बांधावरच्या उंबरापर्यंत.
मोबदला आला. मागनं वाटणीचा कागद आला.
हौसाक्काची सही पाहिजे होती.
मागायला मी गेलो नाही,
वकील पाठवला.
एवढंच.

बाप ज्या रानात न्याहरीपासून दिवेलागणीपर्यंत
औत घेऊन वळत राहायचा
ते चाकांनी दीड सेकंदात संपवलं.
मी मोजलं.
मोजायची खोड रिटायर होत नाही.

वर गेल्यावर पहिलं वाक्य जुळवायला घेतलं.
‘अक्का, बरी हाईस?’
हे पोस्टकार्डावरचं वाटलं.
‘माझं चुकलं’ म्हणावं,
तर त्यात वकील कुठं बसवायचा कळेना.
‘तुझं बी थोडं चुकलंच की’
हे नांदेडवर खोडलं.
नांदेडच असावं; खाली नुसता कापूस, नाहीतर ढग.
एसटीत वीस तास मिळाले असते.
शेजाऱ्यावर म्हणून बघितलं असतं,
धाब्यावर हात धुताना एकदा,
पंक्चर झाल्यावर रस्त्याकडेला चार वेळा.
इथं चौथ्या वाक्याचं क्रियापद धरतोय
तोवर पट्टा आवळायचा दिवा लागला.

उतरताना दोन्ही कान गच्च बसले.

बाहेर भाजणारं ऊन.
रेलिंगला धरून हौसाक्का,
माझ्या आठवणीपेक्षा वीतभर बुटकी.
मी तोंड उघडायच्या आत तिचे ओठ हलले.
लांबलचक काहीतरी होतं,
एक वाक्य, कदाचित दोन,
तिनंही कुठंतरी बसून जुळवलेलं.
मला एक अक्षर ऐकू आलं नाही.
म्हटलं, व्हय.

ती माझ्याकडं बघत राहिली.
मग पिशवी ओढून घेतली, तोंड सैल केलं,
नाक आत घातलं.

भाच्याच्या गाडीत, पहिल्या सिग्नलला
फट्‌दिशी डावा कान सुटला.
ती विचारत होती, तांदूळ नवा का जुना?
जुना, म्हटलं.
पाणी जास्त लागंल.