काचेची गाळणी

होडावड्याच्या चढावर ती तिसऱ्यांदा बंद पडली.
दोनदा खोकली, मग श्वास घ्यायचा विसरली.
मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नसुद्धा दिला नाही.
छप्पन्न सालच्या मॉरिसला कोण हॉर्न देणार?

इनास वेंगुर्ल्याच्या बंदरावर ट्रॉलरची इंजिनं बघतो.
गाड्यांना हात लावत नाही म्हणतो, आणि लावतो.
कार्ब्युरेटरची वाटी खोलून त्यात बोट फिरवलं,
माझ्या नाकासमोर धरलं:
तांबूस गाळ, नाचणीच्या आंबिलासारखा.
"टाकी आतसून कुसली. गाळणी खंय आसा?"

गाळणी नव्हतीच.
आबा पेट्रोल फडक्यातून ओतायचे,
फडकं झटकून परत खिशात.
त्यांच्या सदऱ्याला तो वास शेवटपर्यंत होता.

कुडाळच्या दुकानात तीन तऱ्हा.
एक प्लास्टिकची, आत कागदाच्या चुण्या,
चाळीस रुपये, खरं तर मोटरसायकलची.
एक पत्र्याची डबी, सगळीकडून बंद.
दुकानदार म्हणाला, लावा आणि विसरा.
एक काचेची, पितळी जाळीची,
खोलून धुता येणारी, चौपट किमतीची.
मी डबीच उचलली होती.
विसरायची सोय असेल तर मी तीच घेतो.
फोनवर इनास: "नळी केवडी?"
पाव इंच.
"मगे काच घे. काय येता ता दिसाक व्हया."

काय येणार ते मला ठाऊक होतं.
अकरा वर्षं गाडी ताडपत्रीखाली उभी,
अर्ध्या टाकीनिशी.
आरसी बुकावर दोन भावांची नावं,
निकाल लागेतो कुणी चालवायची नाही असा हुकूम.
खारा वारा त्या दाव्यात पक्षकार नव्हता.
तो आत-बाहेर करत राहिला.
यंदा तडजोड झाली: कलमं वसूला, गाडी मला.
सह्या करताना पेन एकच होतं,
ते आम्ही वकिलाच्या हातून एकमेकांना दिलं.

रविवारी वसू स्कूटरवरून आला, न बोलावता.
मी मागची चाकं चिऱ्यांवर चढवत होतो.
"जांभा नको," म्हणाला, "फुटतो तेव्हा सांगत नाही."
माडाचे दोन ओंडके ओढून आणले त्यानेच.
बॅटरीची वायर सोडली. दोघेही पाठीवर, गाडीखाली,
लहानपणी सोडता इतके जवळ कधी नव्हतो.

नळी कापली तसं पेट्रोल मनगटावरून काखेत.
त्याने अंगठा दाबून धरला.
काचेवर बाण कोरलेला असतो, टाकीकडून इंजिनाकडे.
मी उलटी धरली होती.
काही न बोलता दुसऱ्या हाताने
त्याने माझं मनगट फिरवलं.

सायलेन्सरपासून वीतभर दूर.
आधी क्लिप नळीत ओवायची, मग नळी चढवायची,
हे मी दोनदा विसरलो.
इनासने बजावलं होतं: "हातान घट्ट, मगे अर्धो फेरो.
जास्ती आवळशीत तर रबर कापात."
मी अर्ध्यावर थांबलो.
वसूने पाव फेरा सैल केला.
मी पुन्हा पाव आवळला.
मग दोघांनीही हात काढून घेतले.

चावी फिरवली. पंप टिकटिकायला लागला,
आधी घाईने, मग दमाने, मग गप्प.
मी परत खाली सरपटलो.
काच भरली होती, तिच्यातून उजेड येत होता.
आधी स्वच्छ. मग एक तांबडी कपची
गिरक्या घेत आली नि जाळीला टेकली.
मागून दुसरी. मग बारीक पूड, थांबून थांबून.
कुठली कुठल्या वर्षाची, ओळखता येत नव्हतं.

वसू अंगठा हुंगत होता,
पांढरा पडलेला, सुरकुतलेला.
"चार दिवसांत धुवायला लागणार ही."
"हं."
"आणि मग परत."
"हं."

स्कूटर वळणापलीकडे गेल्यावर लक्षात आलं,
स्क्रू-ड्रायव्हर त्याच्याच खिशात राहिला.
हाक मारली असती तर ऐकू गेली असती.