शेरा

सातपूरहून देवळालीपर्यंत
दोन हेडसेट मांडीवर, फोमच्या पेटीत.
शेडचा पत्रा तापलेला.
हवालदार वाल्मीक गायधनी म्हणाले,
"ह्याला घाम चालतो का?"
फॉर्मवर पहिला प्रश्न तोच होता,
जरा शुद्ध भाषेत.

त्यांनी चढवला. मागचा पट्टा आवळला.
फरशीवर तोफ उभी राहिली,
भिंत विरून माळ झाला, माळापलीकडे डोंगर.
"डोंगर बरोबर आहे. गवत चुकलंय.
मार्चमध्ये इतकं हिरवं कुठे असतं इथे?"
मी लिहिलं: गवत.

मग गोळा. तो नव्हताच.
हात तेवढे खरे, त्यांचेच,
तरी उचलताना आधी गुडघे वाकले, मग कंबर,
मानेची शीर टरारली,
आणि ठेवताना तोंडून जुना 'हं' निघाला.
वास्तवता, एक ते पाच?
गुण कुणाला द्यायचे मला कळेना,
यंत्राला की त्या पाठीला.

लक्ष्य आलं. आकडे आले.
कडेला लाल घड्याळ पळायला लागलं.
गायधनी थांबले.
दहा सेकंद. चाळीस.
चित्र अडकलं वाटून मी केबल हलवली.
"फायर करा ना, साहेब."
"झेंडा कुठाय?"
"कसला झेंडा?"
"लाल. आणि टेकडीवरचा पोरगा.
माळ मोकळा आहे, असं तो बोलला नाही अजून."
"तिथे कोणी नाहीये," मी म्हणाले,
"कोणी बनवलेलंच नाही."
"ते तुम्हाला ठाऊक. मला कुणी सांगितलं?"

घड्याळ संपलं.
यंत्राने गोड आवाजात त्यांना नापास केलं.

हेडसेट काढला तेव्हा कपाळावर
पट्टीचा लाल वळ.
चहा घेताना म्हणाले, एकदा एक म्हातारा
हरवलेली शेळी शोधत रेंजमध्ये शिरला होता.
पोरगा बोलला. तोफा पाऊण तास गप्प.
"मिळाली शेळी?"
"मिळाली ना. काळी होती. एक कान तुटका."
मग बशी पालथी घालत,
"वजन बरंय तुमच्या ह्याचं. चित्र झकास.
चष्म्यावर वाफ धरते तेवढी."

सगळं लिहिलं. वजन, वाफ, गवत.
शेऱ्याला शेवटी दोन ओळींची जागा होती.
नाशिकरोडच्या सिग्नलला, पेटीवरच कागद ठेवून:
माळावर एक शेळी हवी. काळी.
कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसावं,
बनवणाऱ्यालासुद्धा.

एक कान तुटका, हे लिहून खोडलं.
सिग्नल सुटला.
पुढच्या सिग्नलला परत लिहिलं.