माप

सुभाषनगरात आमच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं आहेत.
एकावर देव,
एकावर आप्पांचं वजन.

आप्पांनी पन्नास वर्षं लोकांचे पाय मोजले,
कागदावर उभं करून, टाचेमागून पेन्सिल फिरवत.
स्वतःचा पाय कळला
तो चपलेच्या अंगठ्यात जाईना तेव्हा.
"कातडं आखडलं," म्हणाले.
मी नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला
आणि तसाच राहिला,
भिजवलेल्या तळावर आरीची मूठ टेकवावी तसा.

मगदूमबाई म्हणाल्या, काळीज थकलंय,
पाणी मागं साठतंय.
ही गोळी सकाळी. संध्याकाळी घ्याल
तर रात्रभर मोरीची वाट तुडवाल.
रोज उठून वजन करायचं, चहाच्या आधी.
दोन दिवसांत दोन किलो चढलं तर फोन.
चक्कर आली, पोटऱ्या वळल्या, जुलाब लागले, तरी फोन.
गुडघ्याची गोळी मनानं घ्यायची नाही.
रश्श्याचं त्या काही बोलल्या नव्हत्या,
आप्पांनीच विचारलं, "वाटीभर?"
"चमचाभर."
त्या चमच्यावरून घरी येईपर्यंत
आप्पा रिक्षावाल्याशी भांडत होते.

पहिल्या दिवशी अकरा वेळा उठले.
पाचव्या रात्री तीन उशांची एक उशी झाली.
मी जागीच होते,
त्यांच्या श्वासात कुठं पाणी वाजतंय का ऐकत.
नव्हतं वाजत.

मग गल्लीला चाळा लागला.
राजाराम बंधाऱ्याची विचारावी तशी
रमजानचाचा दारातून विचारायचे,
"आज पातळी किती?"
एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका,
हे इथं पोरासोरांना पाठ.
आमच्यात अडुसष्टला इशारा, सत्तरला धोका.

इंद्रजित आला तो चपलेचं माप द्यायला.
तालमीतला पोरगा. दुसऱ्या दिवशी वजन द्यायचं,
आणि दीड किलो जास्त.
आप्पा चामडं आणायला आत गेले.
पाकिटातल्या चार गोळ्या कधी गेल्या,
ते मला संध्याकाळी मोजताना कळलं,
आणि मी माझ्याच मोजण्यावर संशय घेतला.
तो संशय अजून माझ्याकडं आहे.

रात्रभर त्यानं पाणी तोंडाला लावलं नाही,
घोंगडी गुंडाळून पळाला.
काट्यावर सत्तावन्न. बरोब्बर. टाळ्या.
मातीत उतरला, सलामी झाली,
आणि कुणी हात लावायच्या आधीच
दोन्ही पाय वळून खाली बसला.
छातीत कोंबडं फडफडल्यागत होतंय, म्हणाला.
मग बोललाच नाही.

सीपीआरच्या पलंगावर
थेंबाथेंबानं त्याला क्षार चढत होते,
सावकाश, घाई करता येत नाही म्हणे त्यालाही.
आप्पा उशाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी बोलले,
"लेकरा, कातडं पाण्यात ऱ्हायलं की कुजतंय,
पार वाळवलं की तडकतंय.
मधलं काय ते हाताला कळतंय. कातड्याचं कळतंय मला.
माणसाचं न्हाई कळत.
माझ्या अंगातलं पाणी ती बाई रक्त तपासून मोजती,
तवा कुठं मी गोळी गिळतो.
तू कुणाला इचारलंस?"

इंद्रजित छताकडं बघत राहिला.
आप्पांनी पिशवीतून कागद काढला,
त्याच्या तळव्याला लावला,
पेन्सिल फिरवली.
घरी येऊन कागद खिळ्याला अडकवला, कापला नाही.
"म्हयन्यानं परत बघू.
अजून त्येचा पाय त्येचा न्हाई."

गोळ्या आता रापी-आरीच्या पेटीत असतात,
किल्ली माझ्या गळ्यात.

आज सकाळी अडुसष्ट पूर्णांक चार.
इशाऱ्याच्या वर.
आप्पा माझ्याकडं बघत नाहीत.
काल संध्याकाळी कुणाच्या तरी बारशाला गेले होते,
आणि सदऱ्याच्या बाहीवर
तांबडा थेंब आहे, चमच्यापेक्षा मोठा.
मी फोन उचलते.