मधलं अक्षर

शाहीन मॅडमचा पेपर परत आला पुण्याहून:
मजकूर चांगला, संदर्भ शैलीप्रमाणे नाहीत.
त्रेसष्ट संदर्भ, मुदत सोमवार,
आणि अशोक चौकातलं माझं दुकान,
डीटीपी, झेरॉक्स, स्पायरल,
पत्र्याखाली मे महिना.

मी पेपर वाचत नाही. मी शेवट वाचतो.
बावीस वर्षं झाली, मागच्या पानांवरून माणूस कळतो:
कोण खरंच पुस्तक उघडून बसला होता,
कुणी दुसऱ्याची यादी उचलली
चुकीसकट,
'सोलापुर'मधल्या ऱ्हस्व 'पु'सकट.

आधी आडनाव. स्वल्पविराम. नावाचं पहिलं अक्षर. टिंब.
साल कंसात. पुस्तक तिरपं, लेख सरळ.
तळटिपांतलं 'तत्रैव' काढायचं,
दर वेळी पूर्ण पत्ता परत द्यायचा.
आणि नियम चौदा: मधलं आद्याक्षर नको.
म्हणजे बापाचं.
सात वाजल्यापासून बसून
पन्नासेक बाप काढले मी,
कर्सर मागं, एक टकटक, गेले.

नायना जकार्डचे पुठ्ठे पाडायचे.
आलेखाच्या कागदावर मोर,
एका चौकोनाला एक भोक;
भोक असलं की दोरा वर, नसलं की खाली.
मराठी जेमतेम वाचायचे, तेलुगू फक्त बोलायचे,
पण अंधारात पुठ्ठ्यावर बोट फिरवून
सांगायचे, हा मानेचा आहे, हा पिसाऱ्याचा.
मी वेगळं काय करतो?
टिंब, स्वल्पविराम, जागा, टिंब.
एक चुकलं की खालची सगळी नक्षी सरकते.

साडेदहाला लाइट गेली. आली.
चित्र क्रमांक तीन. चादर, काळी-मरून, मोराची.
खाली ओळ: नक्षीकार अज्ञात.
मी मोठं केलं. दोनशे टक्के. चारशे.
डाव्या पायाला दोनच बोटं.

तिसरं बोट त्या रात्री राहिलं,
धाकटीला ताप होता, नायना मधेच उठून आले होते.
शेठनं आठवड्याची मजुरी कापली
आणि पुठ्ठे तेच चालवले, नऊ वर्षं.
दर दीड हातावर एक मोर,
दर मोराला दोन बोटं.

अकराला मॅडमना फोन केला.
अज्ञात नाहीत, म्हटलं.
पुरावा काय? त्यांनी हळूच विचारलं,
विचारायलाच पाहिजे.
चूक आहे की, म्हटलं. तीच आहे.

त्या गप्प. मागं कूलरचा आवाज.
मग म्हणाल्या, वैयक्तिक संवाद म्हणून देऊ.
यादीत येत नाही ते. फक्त मजकुरात, कंसात.
ज्याच्याशी बोलणं झालं त्याचं नाव, तारीख आजची.
म्हणजे माझं नाव.
नायनांना जाऊन अकरा वर्षं झाली.
होते तेव्हा तरी त्यांचा-माझा
वैयक्तिक संवाद कुठं फार झाला होता;
ते कारखान्यात, मी शाळेत,
रात्री दोघांच्या मधे शेंगाचटणीचा डबा.

(गाजुल अं. रा., वैयक्तिक संवाद, १६ मे)

टाइप केलं आणि थांबलो.
'रा.' म्हणजे राजेशम.
नियम चौदा.
कर्सर त्या टिंबाच्या पुढं उघडझाप करत.
राहू दिलं.

आता जानेवारीत, गड्ड्याच्या गर्दीत, प्रूफ आलंय.
समासात संपादकांची शंका क्रमांक सात:
मधलं आद्याक्षर शैलीत बसत नाही. काढावे काय?
मॅडमनी तसंच पुढं पाठवलं, वर एकच ओळ:
हे तुमचं तुम्ही बघा, अंबादासभाऊ.
उत्तराला अठ्ठेचाळीस तास आहेत.
काउंटरवर एकजण केव्हाचा उभा आहे,
आधार कार्ड, मागं-पुढं, एकाच पानावर, दोन कॉप्या.